नाक उजळलंय, पण कंदील कुठाय?

‘काँट्रास्ट वाढव.’ मिनिएचर, म्हणजे चिमुकले पुतळे, रंगवणाऱ्या कोणालाही, कुठेही, कधीही हा सल्ला द्या, बरोबरच निघणार. सावल्या अजून गडद कर, उजेड अजून उजळ कर. २८ मिलिमीटरच्या पुतळ्यावर खोलीतल्या खऱ्या उजेडाने पडणारी सावली इतकी फिकी असते की ती रंगानेच काढावी लागते, नाहीतर टेबलाच्या पलीकडून चिलखत, दाढी, झगा सगळं मिळून एकच लगदा दिसतो. म्हणजे सल्ला खरा आहे, आणि नेमका म्हणूनच मला त्याचा वैताग आहे. डॉक्टरने समोर येणाऱ्या प्रत्येकाला ‘पाणी जास्त पीत जा’ सांगावं तसला प्रकार, चूक काहीच नाही, पण बाबा रे, तू माझी जीभ तरी बघितलीस का? (२०१९ मध्ये सिटाडेल या पुतळे आणि रंग बनवणाऱ्या ब्रँडने ‘काँट्रास्ट’ नावाचे रंगच बाजारात आणले, त्यामुळे हा सल्ला आता बाटलीतही मिळतो, तो भाग वेगळा.)

ज्यांना हा नाद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्वॉर्फ, ऑर्क, चेटकिणी, ड्रॅगन असल्या काल्पनिक मंडळींचे प्लास्टिकचे, रेझिनचे किंवा धातूचे बोटभर पुतळे मिळतात, ते जोडायचे, प्रायमर मारायचा आणि बारीक ब्रशने रंगवायचे. काही लोक गेम खेळायला रंगवतात, काही नुसते काचेच्या कपाटात ठेवायला. २८ मिलिमीटर म्हणजे साधारण तळपायापासून डोळ्यांपर्यंतची उंची, त्यात डोकं जेमतेम चार-पाच मिलिमीटरचं, आणि डोळा एक मिलिमीटरच्याही आत. मी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला राहते. आले नोकरीसाठी, पण आल्यावर कळलं की हे गाव म्हणजे या नादाची पंढरी आहे. सिटाडेल मिनिएचर्स १९७९ मध्ये इथून जवळच न्यूअर्कला सुरू झाली, तिची मालक कंपनी गेम्स वर्कशॉप, तिचं हेडक्वार्टर इथल्याच लेंटनमध्ये, वॉरलॉर्ड, मँटिक, पेरी या पुतळे बनवणाऱ्या कंपन्याही याच परिसरातल्या. जुने पुतळे शिशाच्या मिश्रधातूचे असायचे म्हणून या पट्ट्याला ‘लेड बेल्ट’ म्हणतात. त्यामुळे इथे क्लबात तुमच्या शेजारी चहा पीत बसलेला माणूस चाळीस वर्षं हेच करत असू शकतो, आणि तो तुमच्या ड्वॉर्फकडे बघून काहीतरी बोलणार असतो.

आमच्या क्लबात एक टेबल खास यासाठीच असतं. पुतळा ठेवायचा, शेजारी चिठ्ठी: ‘सी अँड सी वेलकम’, म्हणजे कमेंट्स आणि क्रिटिसिझम दोन्ही चालेल. प्रत्यक्षात तिथे दोनच प्रकारचे लोक येतात. पहिले ‘लव्हली!’ म्हणून पुढे सरकणारे. दुसरे यादी वाचणारे: मोल्ड लाइन (साच्याच्या जोडाची रेघ) राहिली, बेसची (पायाखालच्या चकतीची) कड नीट नाही, मेटलिकवर वॉश (सावलीसाठीचा पातळ रंग) साचलाय, एज हायलाइट (कडेवरची उजळ रेघ) जाड झालीय, तलवारीवर काँट्रास्ट वाढव. यादीतलं सगळं खरं असतं. पण ती यादी कुठल्याही पुतळ्याला लागू पडते, वाचणाऱ्याने पुतळा न बघता पाठ म्हटली तरी चालेल. आपल्याकडे लग्नाच्या जेवणाला नावं ठेवणारी जी पिढी आहे ना, तिच्यातले दोन-तीन जण इथे इंग्रज होऊन जन्माला आलेत याबद्दल माझी खात्री आहे.

आणि मग तिथे एक रिटायर्ड गृहस्थ येतात, मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणते.

गेल्या हिवाळ्यात मी एक ड्वॉर्फ नेला होता, डाव्या हातात छातीच्या जरा खाली धरलेला कंदील, उजव्या हातात कुऱ्हाड, अंगावर मोठा झगा. कंदिलाचा उजेड अंगावर पडलेला दाखवायचा, याला ओएसएल म्हणतात, ऑब्जेक्ट सोर्स लायटिंग, आणि सगळ्यांना करून बघायची खाज असलेला हा प्रकार आहे. काकांनी आधी विचारलं, उचलू का? मग हँडल धरून उचलला (पुतळ्याला हात लावायचा नाही, बोटाच्या तेलाने आणि घासण्याने कडांवरचा रंग जातो, म्हणून तो बाटलीच्या बुचावर नाहीतर हँडलवर चिकटवलेला असतो), हात लांब करून बघितला, मग जवळ आणला, चष्मा वर केला. आणि म्हणाले, ‘माझी नजर आधी नाकाच्या शेंड्यावर गेली. मग पट्ट्याच्या बकलावर. मग कंदिलाकडे. तुला ती आधी कुठे जायला हवी होती?’

मी म्हटलं, कंदिलाकडे.

‘हं’ म्हणाले आणि उठून खोलीतल्या आमच्या बाजूचे दिवे बंद केले, दोघातिघांनी कुरकुर केली, आणि फोनचा टॉर्च पेटवून पुतळ्यापुढे नेमक्या कंदिलाच्या जागी धरला. बास, एवढंच. खरा उजेड खालून येत होता, त्यामुळे नाकाची खालची बाजू उजळली, मिशीचा खालचा भाग, भुवईची खालची कड, दाढीची डावी बाजू, झग्याचं आतलं अस्तर. नाकाचा वरचा भाग पूर्ण काळोखात. आणि उजव्या खांद्यापर्यंत जाईतो उजेड जवळजवळ संपलेला, कारण प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, अंतर दुप्पट तर उजेड पाव, हे शाळेत फिजिक्समध्ये पाठ केलेलं असतं पण झग्यावर बघितलेलं नसतं. माझ्या ड्वॉर्फच्या अंगावर दोन उजेड होते. एक आकाशातून येणारा, झेनिथल प्रायमिंगचा, म्हणजे आधी सगळं काळं आणि मग वरून पांढरा स्प्रे, आणि दुसरा कंदिलाचा नारिंगी. दोघांची मारामारी चालली होती आणि नाकाचा शेंडा ही त्यांची सीमारेषा होती.

आता बघा, त्यांनी उपाय सांगितलाच नाही. तो मी घरी शोधला. ‘काँट्रास्ट वाढव’ ऐकलं असतं तर मी कंदील अजून उजळ करायला गेले असते, आणि कंदील आधीच पांढरा होता, पांढऱ्याहून पांढरा रंग कुठल्याच बाटलीत नसतो. तेव्हा कंदिलाला हात न लावता बाकी सगळं खाली आणायचं. निळसर-हिरव्या काळपट ग्लेझचे, म्हणजे खालचं दिसेल इतक्या पातळ रंगाचे, थर नाकाच्या वरच्या बाजूला, टोपीवर, उजव्या खांद्यावर, एक थर वाळला की दुसरा, कंटाळा येईपर्यंत. बकलावरची चमक चक्क काढून टाकली. बकल सुंदर जमलं होतं हो, एनएमएम केलं होतं, मेटलिक रंग न वापरता तपकिरी, पिवळट, हस्तिदंती अशा साध्या रंगांनी सोनं रंगवायचं ते, दोन संध्याकाळी त्यात गेल्या होत्या. पण ते ओरडत होतं. गप्प केलं.

तेव्हापासून मला फीडबॅकची एवढी एकच पद्धत खरी वाटते: तुझी नजर काय करत होती ते मला सांग, आणि कुठून बघत होतास ते सांग. पुढचं माझं मी बघते. ‘असं कर, तसं कर’ सांगणारा बहुतेक वेळा त्याचा स्वतःचा पुतळा माझ्या हातून रंगवून घेत असतो.

कुठून बघत होतास याला फार महत्त्व आहे. एनएमएम एका ठरावीक कोनातूनच पटतं, पुतळा जरा फिरवला की चमक जागेवरच राहते आणि धातू खोटा पडतो, हा त्या तंत्राचाच स्वभाव आहे, रंगवणाऱ्याचा दोष नाही. गेमसाठी रंगवलेला पुतळा टेबलाच्या पलीकडून, उभ्या माणसाच्या नजरेने बघायचा असतो. आणि फोटो ही तर तिसरीच भानगड. २८ मिलिमीटरचा पुतळा फोनच्या स्क्रीनवर १४ सेंटिमीटरचा होतो, पाचपट, आणि मग लोक त्या पाचपट राक्षसावर मत देतात, ब्रशचा एक केस चिकटलेला दिसतो, जो हातात घेऊन कोणाच्या बापाला दिसला नसता. शिवाय पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढला तर कॅमेरा स्वतःच्या अकलेने सगळं काळपट करतो, काळ्या कापडावर ठेवला तर उलट, हायलाइट जळून जातात. म्हणजे जे मत येतं ते अर्धं कॅमेऱ्यावर असतं. फोनचा एक उपयोग मात्र मी मानते: फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघायचा. लाल झगा आणि हिरवं चिलखत डोळ्यांना वेगळे वाटतात, रंग काढला की दोन्ही एकाच राखाडी छटेचे निघतात. तो फीडबॅक फुकट आहे आणि त्याला चहा पाजावा लागत नाही.

अजून एक गोष्ट लोक विचारतच नाहीत, की तू काय करायला निघाली होतीस. गेम्स वर्कशॉपच्या स्टुडिओची ‘एव्ही मेटल’ शैली आहे, स्वच्छ, प्रत्येक कडेवर रेघ, प्रत्येक रंग आपापल्या जागी, खोक्यावर जो फोटो असतो तो. आणि दुसरीकडे त्याच कंपनीचे जुने चित्रकार जॉन ब्लांश यांच्या चित्रांवरून निघालेली ‘ब्लांशित्सू’, गंजकी, धुरकट, लाल-तपकिरी, सगळं एकमेकांत मिसळलेलं, मुद्दाम घाण. क्लबात एकीने असाच एक गंजलेला तीर्थयात्री आणला होता, अंगभर मेणबत्त्या आणि चिंध्या, मला तर तो बघून शहारा आला, आणि एकाने तिला सांगितलं की कडा हायलाइट केल्यास तर छान उठून दिसेल. अरे, तो उठून दिसायलाच नकोय! तिने हसून ‘थँक्स’ म्हटलं. इंग्रज लोक अशा वेळी जे ‘थँक्स’ म्हणतात ना, त्यात काय काय भरलेलं असतं ते इथे राहायला लागल्यावर हळूहळू कळतं.

स्पर्धांमुळे हे सुधारतं का? मला नाही वाटत. या नादातली सगळ्यात मानाची स्पर्धा म्हणजे गोल्डन डेमन, १९८७ पासूनची, प्रत्येक गटात पहिला, दुसरा, तिसरा, आणि सगळ्यांत श्रेष्ठ ठरलेल्याला स्लेयर स्वॉर्ड, खरीखुरी मोठी तलवार. ती तलवार बघून माझ्याही तोंडाला पाणी सुटतं, खोटं कशाला बोलू. पण नंबर एवढंच सांगतो की त्या दिवशी त्या कपाटात तुझ्यापुढे कोण होतं आणि मागे कोण. टेक्सासमध्ये रीपर या पुतळ्यांच्या कंपनीचं रीपरकॉन हे संमेलन भरतं, तिथली एमएसपी ओपन ही स्पर्धा ‘ओपन सिस्टिम’ने चालते, म्हणजे तुमचा पुतळा दुसऱ्याच्या पुतळ्याशी तोलत नाहीत, ठरलेल्या दर्जाशी तोलतात, त्या दर्जाचे दहा आले तर दहांना गोल्ड. मला ही पद्धत जास्त माणुसकीची वाटते. तरीही मेडल ते मेडलच, कंदिलाबद्दल ते काही बोलत नाही.

आता जरा घरची गोष्ट. माझं माहेर पेणचं, आणि बाबांचा गणपतीचा कारखाना. कारखान्यात फीडबॅक नावाचा प्रकार नव्हता. तुमचं काम पटलं नाही तर तुमच्या हातातला ब्रश काढून घेतला जायचा आणि तुमच्या डोळ्यांदेखत ते नीट केलं जायचं, एक शब्द न बोलता, आणि तुम्ही बघायचं. बघून आलं तर आलं. डोळ्यांची आखणी तर सगळ्यात शेवटी आणि जाणत्या हातानेच, बाकीच्यांनी सोवळं, शेला, दागिने रंगवायचे आणि त्या मूर्तीजवळून जाताना धक्का लागणार नाही एवढं बघायचं. आमच्या क्लबात कोणी दुसऱ्याच्या पुतळ्याला ब्रश लावला तर पोलीस बोलावतील.

मी बाबांना व्हिडिओ कॉलवर पुतळे दाखवते. पहिल्यांदा ऑर्क दाखवला तेव्हा ‘अगं, हे काय, राक्षस का?’ इथपासून सुरुवात होती. मी म्हटलं, बाबा, तुम्ही फक्त रंगकाम बघा. त्यांनी फोन जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला आणि विचारलं, ‘हा बघतोय कुठे?’

क्लबातल्या कोणीच मला हे विचारलं नव्हतं. गणपतीची नजर समोर उभ्या माणसावर यावी लागते, जरा इकडेतिकडे झाली तर मूर्ती रुसल्यासारखी दिसते, बाबांची सगळी हयात त्या दोन काळ्या रेघांत गेली. आणि माझा ऑर्क दोन्ही बाहुल्या मधोमध ठेवून कुठेच बघत नव्हता. हातात कुऱ्हाड उगारलेली, डावीकडे शत्रू असणार, आणि हा आपला पासपोर्टचा फोटो काढून घेतोय. बाहुल्या डाव्या कोपऱ्यात सरकवल्या, वरच्या पापणीला टेकवल्या, आणि तो एकदम कोणाच्या तरी अंगावर धावून जायला लागला. अर्ध्या मिलिमीटरच्याही आत सरकवण्याचं काम.

बाबांचं बाकी मत मात्र मी बाजूला ठेवते. त्यांना एनएमएम हा शुद्ध वेडेपणा वाटतो. ‘सोनेरी रंग मिळतो की बाजारात, तू तपकिरीने सोनं कशाला काढत बसतेस?’ मी समजावलं की खरा सोनेरी रंग खोलीतल्या दिव्याने चमकतो, पुतळ्याच्या जगातल्या दिव्याने नाही. ते म्हणाले, ‘बरं बरं. पण सोनेरी लाव थोडं.’

मी स्वतः फीडबॅक द्यायला बसते तेव्हा हे सगळं शहाणपण टिकतंच असं नाही, पण प्रयत्न असतो. क्लबात एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा येतो आईबरोबर. त्याने गॉब्लिनांची टोळी आणली होती, रंग जाड, चेहऱ्यावर ब्रशचे ओरखडे, एकाच्या गालावरून आडवी मोल्ड लाइन गेलेली, जखमेसारखी. एका सीनियर सभासदाने त्याला वेट पॅलेट, ग्लेझिंग, कोलिन्स्की सेबलचे ब्रश यावर लेक्चर सुरू केलं, पोरगा ऐकत होता पण डोळे गॉब्लिनांवर. मी विचारलं, तुला काय वाटतं, काय बिघडलंय? तो पटकन म्हणाला, ‘हे भयानक दिसायला पाहिजेत आणि हे घाबरलेले दिसतायत.’

बघा, केवढं अचूक निरीक्षण! रंग पातळ कर हे त्याला सांगायचंच होतं आणि ते सांगितलंही, अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून दाखवली, जाड रंगाची कड उभी राहते आणि पातळ केलेला पसरून सपाट होतो. पण त्याचा प्रश्न तो नव्हता. त्याचे गॉब्लिन घाबरलेले दिसत होते कारण डोळ्यात पांढरा गोल आणि मधोमध काळा ठिपका, चारही बाजूंनी पांढरं दिसलं की चेहरा दचकलेला वाटतो, माणसाचाही वाटतो. मग आम्ही त्याच्या एका गॉब्लिनच्या खोबणीत गडद तपकिरी भरलं, त्यावर शुद्ध पांढऱ्याऐवजी मळकट पिवळ्याची बारीक आडवी रेघ, आणि ठिपका वरच्या पापणीला चिकटवून. ‘आम्ही’ म्हणजे त्याने. ब्रश काढून घ्यायला माझे हात शिवशिवत होते, रक्तातच आहे ते, पण मी चहाचा कप दोन्ही हातांत धरून ठेवला. त्याचा पहिला डोळा बिघडला, दुसरा जमला, आणि त्याने तो बिघडलेला पुसलाच नाही, डोळ्यावर काळी पट्टी रंगवून टाकली. हे मला सुचलं नसतं.

ऐकून घेणं हे मात्र देण्यापेक्षा अवघड आहे, मला तरी. कोणी बोलायला लागलं की माझं ‘नाही म्हणजे, ते मुद्दाम केलंय, कारण...’ सुरू होतं, आणि मी बोलायला लागले की समोरचा पुतळ्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागतो. संपलं मग. म्हणून आता मी वही काढते आणि लोक बोलतात ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, वहीत डोकं घातलं की तोंड आपोआप बंद राहतं. एका चेटकिणीबद्दल तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या: झगा जांभळ्याऐवजी लाल कर, झग्यावर फ्रीहँड नक्षी काढ, झग्याला कापडाचा पोत दे. त्या रात्री मला तिघेही मूर्ख वाटले. दुसऱ्या दिवशी वही उघडली तर दिसलं की तिघेही झग्याबद्दल बोलतायत. तेवढ्या मोठ्या सपाट जागेत बघण्यासारखं काहीच नव्हतं आणि तिघांचीही नजर तिथे जाऊन कंटाळली होती. मी तिघांपैकी कोणाचंच ऐकलं नाही, झग्याची खालची कड चिखलाने माखली, वरपर्यंत शिंतोडे, आणि ती चेटकीण कुठून तरी चालत आलेली दिसायला लागली.

आणि विचारायचं कधी? बहुतेक लोक पुतळा पूर्ण करून, बेसवर गवत लावून, वॉर्निश मारून मग टेबलावर ठेवतात आणि ‘सी अँड सी वेलकम’ लिहितात. त्या वेळी खरं तर सी अँड सी वेलकम नसतं, कौतुक वेलकम असतं, आणि त्यात काही वाईट नाही, मलाही हवं असतं, पण मग चिठ्ठीवर तसं लिहावं. कामाचा फीडबॅक अर्ध्यावर मिळतो, नुसत्या ढोबळ छटा टाकलेल्या असताना, जेव्हा पुतळा सगळ्यात कुरूप दिसतो आणि कोणालाही दाखवायची लाज वाटते. तेव्हा उजेडाची दिशा बदलणं दहा मिनिटांचं काम असतं. नंतर तेच काम ग्लेझचे थर मोजत बसायचं.

काकांचं मत याच्या अगदी उलट आहे. ते म्हणतात, एकदा रंगवलेल्याला परत हात लावायचा नाही, जे कळलं ते पुढच्या पुतळ्यावर वापरायचं, नाहीतर आयुष्यभर एकच ड्वॉर्फ रंगवत बसशील. त्यांच्या घरी ऐंशीच्या दशकापासूनचे पुतळे रांगेने लावलेत, प्रत्येकाच्या तळाशी वर्ष लिहिलेलं. मी वाद घालते. तेही घालतात. माझ्या ड्वॉर्फला परत हात लावला हे त्यांना मुळीच आवडलेलं नाही, कंदील आता आधी दिसतो हे कबूल करून वर हे. आणि त्यांच्या सगळ्या पुतळ्यांच्या बेसच्या कडा जुन्या काळासारख्या भडक गॉब्लिन ग्रीन आहेत, नजर आधी तिथेच जाते हे मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगून बघितलंय, पण त्या बाबतीत ते कोणाचंही काहीही ऐकून घेत नाहीत.